सातव्या दिवशी या

९ नोव्हेंबर १९८७, सोमवार

ही वही फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर निरीक्षणं, असा नियम होता. सेकंड इयरला मी डेमॉन्स्ट्रेटरची कॉलर धरली आणि कॉलेज सुटलं, म्हणून पुढची पानं कोरी राहिली. आज एवढं झालंय की कुठेतरी उतरवल्याशिवाय डोकं थंड होणार नाही.

ताईला सोनोग्राफीला नेलं. ताई म्हणजे लता, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सायखेड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिवाळीपासून इथंच आहे. आण्णा एस.टी.च्या डेपोत ड्यूटीवर, दाजी सायखेड्याच्या शाळेवर, आईला मशीनचं नाव काढलं की घाम फुटतो. राहिलो मी, बिनकामाचा.

आत अंधार. टीव्हीवर मुंग्या आल्यासारखा पडदा. डॉक्टर बराच वेळ एकाच जागी थांबले आणि म्हणाले, "बाळाच्या डाव्या किडनीला सूज दिसतेय."

मला वाटलं पाय मुरगळल्यावर येते तशी सूज. म्हटलं, पोटातल्या पोटात त्याला काय लागलं? डॉक्टर हसले नाहीत. चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. किडनीत लघवी तयार होते, नळीनं खाली उतरते. नळीचं तोंडच अरुंद असलं की ती वर साचते आणि किडनी फुगते. आईनं काही खाल्ल्यानं, वाकल्यानं होत नाही. बऱ्याच बाळांची आपोआप उतरते, काहींना ऑपरेशन लागतं.

"याचं काय होणार?"

"जन्मल्यावर बघू."

"एवढं मोठं मशीन आणलंय आणि जन्मल्यावर बघू?"

ताईनं माझा शर्ट ओढला. बाहेर येऊन मी काउंटरवर हात आपटला आणि तिथं ती होती.

काय लिहू. निळी साडी, केसांत काही नाही, रिपोर्टावर नाव लिहीत होती. 'लता नाथा' एवढी दोनच नावं, ताईचं आणि दाजींचं, पण अक्षर असं की ताईचं नाव इतकं देखणं आहे हे मला आज कळलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "टेबल जुनं आहे हो. काका का तुम्ही बाळाचे?"

"मामा."

"मग मामा, आईला बसवा आधी. उभी आहे मघापासून."

ताई खरंच उभी होती. आतून कुणीतरी हाक मारली, "विमल!" म्हणजे नाव विमल.

१५ नोव्हेंबर, रविवार

सायखेड्याहून ताईची सासू चंद्रभागाबाई आणि दाजी आले. दाजी गरीब माणूस, प्राथमिक मास्तर, आवाज वर्गाबाहेर कधी चढत नाही. सासूबाईंचं तसं नाही.

"आमच्या घरात असलं कधी निघालं नाय," पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत त्या बोलल्या. "तुमच्याकडं कुणाला हाय का मुतखडा-बितखडा?"

आई म्हणाली, "नाही हो बाई."

"मग कुठनं आलं? आभाळातनं?"

मी उठलो. आण्णांनी नुसतं "चंदर" म्हटलं, बसलो. मग उभ्यानं सांगितलं असतं ते बसून सांगितलं, की डॉक्टर म्हणालेत यात कुणाचा दोष नसतो, तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात काय. दाजी जमिनीकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं बी.एस्सी. का काय करीत व्हतं ना? झालं का ते?"

निघताना दारात म्हणाल्या, "आधी नीट कळू द्या पोराचं. मग बारशाचं बघू."

ताई आत भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी म्हटलं, ताई, मी तुला कागद आणून देतो. असा कागद की म्हातारीचं तोंड बंद. ती म्हणाली, "मला कागद नको रे, बाळ नीट पाहिजे." मला दोन्हीत फरक वाटला नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

सोनोग्राफीवरून सायकल तीनदा नेली. चौथ्यांदा आत गेलो आणि विचारलं, जन्मल्यावर परत आणायचं तर किती वाजता यायचं. विमल म्हणाली, "आधी जन्मू तर द्या." मग स्वतःच सांगितलं: पहिले दोन-तीन दिवस बाळाला लघवी कमी असते, तेव्हा फोटो काढून उपयोग नाही, सातव्या दिवशी या.

सातव्या दिवशी या. असं कुणी कुणाला म्हणतं? ती मला 'या' म्हणाली. सायकलवर द्वारका चौकापर्यंत गेलो ते आठवत नाही, एका टेम्पोवाल्यानं आईवरून शिवी दिली तेव्हा भानावर आलो.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगा! पहाटे. सहा पौंड. रडतो तर गल्लीला कळतं.

बाळांचे डॉक्टर येऊन गेले. चिठ्ठीवर दोन गोष्टी: रोज एकदा ड्रॉपरनं औषध, किडनीत पू होऊ नये म्हणून. आणि ३० तारखेला सोनोग्राफी, त्याआधी नको. 'त्याआधी नको' याच्याखाली रेघ मारली. परवा सायखेड्याची मंडळी तोंड बघायला येणार. तोपर्यंत आमच्याकडे एक रेघ मारलेली चिठ्ठी, बाकी काही नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आज मी एक काम तडीस नेलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आईला म्हटलं डॉक्टरांनी आजच बोलावलंय. बाळाला दुपट्यात गुंडाळून रिक्षानं गेलो. विमलनं चिठ्ठी वाचली. "यात तीस तारीख आहे."

"आज काढायचा."

"अहो, आज काढून काही कळणार नाही. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

हे मी तिला म्हटलं. म्हणायचं नव्हतं. रांगेतली माणसं बघायला लागली, मग आवाज खाली येईना. गरिबाचं पोर म्हणून टोलवता काय, इथं बसतो मी, उठत नाही. आई बाळाला छातीशी धरून मागे सरकली. नेहमीचे डॉक्टर पुण्याला गेलेले, त्यांच्या जागी चार दिवसांसाठी आलेले एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, घ्या हो आत, संपवा.

आणि बघा! सूज नाही. दोन्ही किडन्या सारख्या. डॉक्टर स्वतः म्हणाले, "आज तर काही दिसत नाही. पण..." मी 'पण' ऐकायला थांबलो नाही. हे लोक 'पण' लावल्याशिवाय जेवतही नसतील. रिपोर्टाच्या खाली इंग्रजीत लिहिलंय की आठवड्याने पुन्हा करा. ते सगळ्यांनाच लिहितात.

विमलनं रिपोर्ट देताना माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असेल. पण पाहिलं.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

कागद दाखवला. चंद्रभागाबाईंना वाचता येत नाही, दाजींनी वाचून दाखवला. 'नॉर्मल' हा शब्द त्यांनी वर्गात फळ्यावर लिहितात तसा सावकाश उच्चारला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मला जवळ घेतलं. आजवर कुणी घेतलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "मी काय वाईट म्हनत व्हते का? काळजी व्हती." बारसं पाच तारखेला ठरलं.

ताईनं विचारलं, औषध चालू ठेवायचं ना? म्हटलं, सूजच नाही तर औषध कशाला, एवढ्याशा जिवाला. "डॉक्टर म्हणाले?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. पण विचारलं असतं तर म्हणाले असते.

३० नोव्हेंबर, सोमवार

चिठ्ठीतली तारीख आज. कुणी विषय काढला नाही. मीही नाही. परवा दवाखान्यातून घरी आलो, बाळ शांत आहे.

३ डिसेंबर, गुरुवार

ती घरी आली होती!

दुपारी तीनला. आई विहारात सहा तारखेच्या तयारीच्या मीटिंगला, ताई आतल्या खोलीत बाळाजवळ झोपलेली. दार वाजलं, उघडतो तर विमल. रजिस्टरातून पत्ता शोधून आमच्या कॉलनीपर्यंत चालत आली. उन्हानं गाल लाल झालेले. चपलेचा अंगठा तुटलेला, तो दाबून धरून चालत होती, म्हणून थोडी लंगडत. ते लंगडणंसुद्धा!

"तुम्ही बाळाला आणलं नाहीत," ती म्हणाली.

"रिपोर्ट चांगला आला ना."

"डॉक्टर पुण्याहून आले, त्यांनी रजिस्टर बघितलं. म्हणाले, ती सूज अशी जात नाही, दुसऱ्या दिवशी दिसत नाही एवढंच. आणायला सांगा म्हणाले."

"डॉक्टरांचं सोडा. चहा घ्या."

"चहा नको. बाळाची आई कुठंय?"

"झोपलीय. बसा ना. मी त्या दिवशी चुकून बोललो, मनात काही नव्हतं..."

ती बसली नाही. बाळ पितं का, ताप आहे का, हेच विचारत राहिली. मी म्हटलं, एकदम फर्स्टक्लास. तिनं दोनदा आतल्या दाराकडे पाहिलं. जाताना म्हणाली, "आणा हं नक्की. विसरू नका."

सांगायला माणूस पाठवता आला असता. पोस्टकार्ड टाकता आलं असतं. स्वतः का आली? तुटक्या चपलेनं?

ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं चिडवलं असतं, आणि हे मला आत्ताच कुणाच्या तोंडी द्यायचं नाहीये.

५ डिसेंबर, शनिवार

बारसं झालं. वंदना झाली, नाव ठेवलं सुगत. आत्याबाई नाही, म्हणून चंद्रभागाबाईंनीच कानात नाव सांगितलं आणि नंतर बायांना म्हणाल्या, "माझा नातू कागदावर पास झालेला हाय." सगळ्या हसल्या. आण्णा संध्याकाळच्या गाडीनं दादरला गेले.

मला वाटत होतं ती येईल. आमंत्रण कुठं दिलं होतं?

८ डिसेंबर, मंगळवार

नवसाबाईला काढून टाकलं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी आमच्या कॉलनीतली बाई. मला आणि ताईलाही तिनंच न्हाऊ घातलंय, तेवढ्यावर तिला वाटतं आमच्यावर मालकी आहे.

आज पायांवर बाळ घेऊन बसली होती, एकदम हात थांबवला आणि आईकडे पाहिलं. म्हणाली, "मालन, हे बघ. डाव्या कुशीत काय लागतंय. पाण्यानं भरलेला फुगा असतो ना, तसं. कालबी लागलं व्हतं. मी त्या बाजूनं तेल दाबत नाय."

आईचा चेहरा उतरला. ताई उठून बसली. मला संतापच आला. दोन आठवडे कसेबसे सुखाचे चाललेत, आणि ही आली. कागद आणून तिच्यासमोर धरला. "हे मशीन आहे, नवसामावशी. आतलं बघतं. तुझी बोटं काय मशीनपेक्षा मोठी?"

"मी कुठं म्हनते मोठी? मला लागलं ते सांगितलं."

"असल्याच गोष्टी सांगून घाबरवता तुम्ही बायांना. आमच्या घरात हे चालत नाही. सटवाई, दृष्ट, कुशीतले फुगे, सगळं बंद केलंय आम्ही."

ती म्हणाली, "बाबासाहेबांचा फोटो माझ्याबी घरात हाय, चंदर." बाळाला पुसलं, ताईच्या मांडीवर ठेवलं आणि गेली. टॉवेलही नीट घडी घालून गेली.

मी बरोबर होतो. विज्ञानाच्या बाजूनं होतो. मग तो कागद मी परत परत उघडून का बघतोय?

१५ डिसेंबर, मंगळवार

बाळ पीत नाही. सकाळपासून ओकतंय. अंग तापलंय, पाय मात्र गार. आई म्हणाली, "नवसाबाई म्हणत होती..." आणि थांबली. थांबली नसती तर बरं झालं असतं.

१७ डिसेंबर, गुरुवार

काल बाळांच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच, त्याच बाजूला, नवसाबाई थांबली होती तिथंच थांबले. "सातव्या दिवसाची सोनोग्राफी?" मी पंचवीस तारखेचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं. लगेच सोनोग्राफीला पाठवलं. डावी किडनी संत्र्याएवढी, आत पू. विमल काउंटरवर होती. दार उघडं धरून उभी राहिली.

मुंबईला न्या म्हणाले. टॅक्सी केली, दाजी निरोप मिळताच सायखेड्याहून आले होते. कसारा घाटात सुगतचं रडणं बंद झालं आणि ताई म्हणाली, "चंदर, तो झोपला का? झोपलाय ना?" दाजींनी बोट त्याच्या नाकाशी धरलेलं. इगतपुरी गेल्यापासून ते बोट तिथंच होतं.

आज सकाळी पाठीतून बारीक नळी घालून पू बाहेर काढला. जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात दोन दिवस काही सांगता येत नाही.

मला काही समजत नाही. मशीननं खोटं सांगितलं की मी? त्या दिवशी सूज खरंच दिसत नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी पडदा पाहिला. म्हणजे नव्हती. पण होती.

२३ डिसेंबर, बुधवार

ताप उतरला. तोंड लावून प्यायला.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. जन्मल्यावर दोन दिवस बाळाच्या अंगात पाणीच कमी असतं, किडनी लघवी कमी करते, फुगलेली पिशवी चपटी दिसते. वाट बघायला लावतात ती म्हणूनच. त्यांनी हे ताई आणि दाजींसमोर सांगितलं आणि विचारलं, "मग पहिल्या दोन दिवसांत काढायला सांगितलं कुणी?"

दाजी म्हणाले, "नाशिकच्या डॉक्टरांनीच बोलावलं होतं. औषधही त्यांनीच बंद केलं."

मी पॅसेजमध्ये जाऊन पाणी प्यायलो. तीन ग्लास.

२९ डिसेंबर, मंगळवार

दाजी बदललेत. शाळेची रजा वाढवून इथंच आहेत आणि सोनोग्राफीवाल्यांविरुद्ध तक्रार लिहितायत, चार कागद झाले. सुवाच्य अक्षर, परिच्छेद पाडून. त्यात 'काउंटरवरील बेजबाबदार मुलगी' असंही आहे. मला वाचायला दिलं. "तू सायन्सवाला, काही राहिलं असेल तर घाल." मी एका ठिकाणी अनुस्वार घातला.

गावाकडची दोघं-तिघं तयार आहेत म्हणे, काचा फोडायला. सगळे शांत डोक्याचे लोक. आणि मी, ज्याच्यावर सगळं आयुष्य डोकं गरम म्हणून शिक्का, मी त्यांना म्हणतो, जाऊ द्या दाजी, तक्रारीनं काय होणार. दाजी म्हणाले, "मोठ्या मनाचा आहेस, चंदर."

२ जानेवारी १९८८, शनिवार

आता प्रश्न एवढाच आहे: डावी किडनी ठेवायची का काढायची. नळीतून जी लघवी पिशवीत येते ती फक्त डाव्या किडनीची. चोवीस तासांत किती येते ते काही दिवस मोजायचं. पन्नास मिलीच्या वर जायला लागली तर वाट दुरुस्त करायचं ऑपरेशन. नाही गेली तर ती निकामी, काढून टाकायची.

सिस्टर म्हणाली, दर चार तासांनी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा, घरचं कोण लिहील? ताई म्हणाली, "आमचा चंदर. त्याला प्रयोगाची सवय आहे."

पहिला दिवस: ३१.

४ जानेवारी, सोमवार

काल ३८. आज सकाळपासून दुपारपर्यंत नऊ. नऊच. सुगत झोपेत ओठ हलवत होता, प्यायल्यासारखा. या आकड्यावर त्याला कापणार.

मोजपात्र घेऊन मोरीपाशी गेलो. नळ होता. थोडंसं पाणी ओतलं. मग आणखी थोडं. पंचवीस झालं. रंग फिका पडला, कुणाला कळला नसता. मी तो आकडा बघत उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. पंचवीस खरंच आल्यासारखं वाटलं.

"किती आलं मामा?" सिस्टर मागे उभी.

मी सगळं मोरीत ओतलं. म्हटलं, सांडलं.

"सांडलं? आजचा दिवस फुकट गेला! उद्यापासून परत मोजायचं आता, त्या पोराला अजून एक दिवस नळी!"

ताई खाटेवरून म्हणाली, "ओरडू नका हो, चुकून झालं असेल."

मला तेव्हा ते सहन झालं नाही. मी म्हटलं, चुकून नाही. पाणी घातलं होतं. मग थांबताच येईना. तेही सांगितलं, पंचवीस तारखेला कुणी बोलावलं नव्हतं, चिठ्ठीत 'त्याआधी नको' लिहिलं होतं, काउंटरवरच्या मुलीनं अडवलं होतं, औषध मी बंद केलं, डॉक्टरांनी नाही. नंतर ती घरी आली होती सांगायला. वॉर्डातल्या बाया ऐकत होत्या. दाजी दारात होते.

ताई ओरडली नाही. "घरी आली होती?"

"हो."

"मी कुठं होते?"

"आत. झोपली होतीस."

"मला उठवलं का नाहीस?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते तिला दिलं नाही, इथं लिहितो. दहा मिनिटं विमल आणि मी, एवढंच मला हवं होतं. ती माझ्यासाठी आली नव्हती. बाळासाठी आली होती, आम्ही तिचे कुणी नसताना. हे लिहायला मला महिना लागला.

ताईनं माझ्या हातातून मोजपात्र काढून घेतलं.

दाजी बाहेर बाकावर बसले. म्हणाले, "एखादं पोरगं मार्क वाढवून प्रगतिपुस्तक घरी नेतं ना, मला दुसऱ्या दिवशी त्याच्या चालण्यावरून कळतं. तुझं नाही कळलं मला." तक्रारीचे कागद खिशातच होते. फाडले नाहीत, पाठवलेही नाहीत. घडी घालून परत ठेवले.

५ जानेवारी, मंगळवार

विमलच्या डॉक्टरांना पत्र टाकलं. झालं ते लिहिलं, तिची चूक नव्हती हे दोनदा लिहिलं. तिला वेगळं पत्र लिहायला घेतलं. तीन ओळींत 'मी' सहा वेळा आला. फाडलं.

ताई आकडे लिहिते. मला दिसतील असे ठेवत नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

सिस्टरकडून कळलं: ४४, ५२, ५७.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. ताई सुगतला पाजत होती, म्हणून दाजी आणि मी. मी दाराशीच उभा राहिलो. त्या बोलल्या, सहीचा कागद पुढे केला. दाजींनी पेन उघडलं, बंद केलं. मग माझ्याकडे वळले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"चंदर, करू सही?"

एरवी माझं उत्तर त्यांचा प्रश्न संपायच्या आधी तयार असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, दाजी." आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पुन्हा एकदा सांगाल का, मी लिहून घेतो, बाळाच्या आईला वाचून दाखवायचंय. त्यांनी घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि सांगितलं. या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मधे मी एकच प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर लिहिलं.

वॉर्डात ताईच्या खाटेपाशी उभं राहून वाचलं.

"डावी किडनी मेलेली नाही. पण पूर्ण कामाचीही नाही, साधारण चौथा हिस्सा चालते. ऑपरेशनात अरुंद जागा कापून टाकायची आणि नळी परत जोडायची. बहुतेक बाळांची वाट मोकळी होते, काहींची पुन्हा बंद होते. वाट मोकळी झाली म्हणून किडनी सुधारेलच असं नाही, ते दोन-तीन वर्षांनी कळेल. ऑपरेशन नाही केलं तर पुन्हा पू होऊ शकतो. भूल देण्यात थोडा धोका आहे. उजवी चांगली आहे, डावी गेली तरी मूल एका किडनीवर वाढेल."

पुढची ओळ होती. मी थांबलो. ताईनं वर पाहिलं.

"मी विचारलं, सातव्या दिवशी आणलं असतं, औषध चालू ठेवलं असतं, तर किती वाचली असती. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. जन्माआधीच किती गेली होती ते कुणाला माहीत नाही. पू झाल्यानं आणखी गेली, एवढं नक्की."

खाली लिहिलेलं संपलं होतं. मी वही मिटली.

सुगतनं दूध सोडलं होतं. ताईनं त्याला खांद्यावर घेतलं, नळी दबू नये म्हणून हात पाठीच्या उजव्या बाजूला ठेवला आणि थोपटत राहिली, तो ढेकर देईपर्यंत.

"ऑपरेशन मंगळवारी का?" ती म्हणाली.

"मंगळवारी. सकाळी आठला."

"ह्यांना म्हणावं, सही करा."